मामाच तर होते

“ते काही माझे वडील नव्हते,” हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याच्या मागोमाग कोणते वाक्य येणार हे आता मला ठाऊक असते. कधी ते काकांविषयी असते, कधी मामांविषयी. एका तरुणाने ते आपल्या आत्तोबांविषयी म्हटले होते. मागोमाग येणारे वाक्य असे असते : “मग मला इतका त्रास का होतोय?” विचारणारी माणसे बहुधा चाळिशी-पन्नाशीतली, घर सांभाळणारी, नोकरीत जबाबदारीच्या जागी असलेली असतात. झोप लागत नाही, हिशेबात चुका होतात, लोकलमध्ये विनाकारण डोळे भरून येतात, अशा तक्रारी घेऊन ती येतात आणि मृत्यूचा उल्लेख मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बोलण्याच्या ओघात करतात. आपल्या दुःखाला आपणच पुरेसे कारण दिलेले नाही, असा एक संकोच त्यांच्या बोलण्यात असतो. हा संकोच मला त्या दुःखाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

त्यासाठी मी एका भाचीची हकीकत निवडली आहे. तिने तशी परवानगी दिली आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिचे नावही येथे घेत नाही. आमच्या एकूण अकरा भेटी झाल्या. त्यांतले बरेचसे बोलणे येथे गाळले आहे, कारण ज्या दोन-तीन वळणांवर खरोखर काही हलले तेवढीच वाचकांच्या उपयोगाची आहेत असे मला वाटते.

ती पन्नाशीची, एका बँकेत अधिकारी. पहिल्या भेटीत तिने झोपेविषयी सांगितले, चिडचिडीविषयी सांगितले, रजोनिवृत्तीमुळे असे होत असेल का असेही विचारले. घरात इतक्यात काही घडले का, असे मी विचारले तेव्हा ती नाही म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “म्हणजे, गेल्या एप्रिलमध्ये मामा गेले. पण त्र्याहत्तर वर्षांचे होते. वयच झालं होतं.”

“तुमचे सख्खे मामा?”

“हो. मामाच तर होते.”

एवढे बोलून तिने मांडीवरची पिशवी उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवली, ती परत मांडीवर घेतली, आणि नंतरची काही मिनिटे तिला बोलता आले नाही. मी तिला पाणी दिले आणि गप्प बसले. पंचवीस वर्षांच्या अनुभवातून मी जे थोडे शिकले आहे त्यात हे एक आहे की अशा वेळी घाईने दिलेला धीर माणसाला पुन्हा त्याच्या कवचात ढकलतो.

हळूहळू कळले ते असे. मामा गेले त्या दिवशी तिने कार्यालयातून एका दिवसाची किरकोळ रजा घेतली, कारण कुटुंबातील मृत्यूसाठी असलेल्या विशेष रजेच्या नियमात मामा बसत नव्हते. सहकारी हळहळले, आणि लगेच “मामा होय, मला वाटलं घरातलं कोणी,” असे म्हणून कामाला लागले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. गावी पोहोचल्यावर मामींना आणि मामेभावाला सावरायला चार बायका होत्या. हिने चहा केला, आलेल्यांची व्यवस्था पाहिली, शववाहिकेचे पैसे चुकते केले. रूढीप्रमाणे मुलांना दहा दिवसांचे सुतक असते, भाचीला मात्र त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा तिसऱ्या दिवशी ती मुंबईस परतली आणि चौथ्या दिवशी कामावर रुजू झाली. “मामींच्या पुढे मी कशी रडू?” असे तिने मला विचारले. “त्यांचं दुःख मोठं. मी रडले असते तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं.”

दुःखाची अशी उतरंड आपण सगळेच मनात बाळगतो. पत्नी आणि मुले सर्वांत वर, मग आईवडील, मग भावंडे, आणि काका-मामा, मित्र, शेजारी कुठे तरी तळाशी. जो ज्या पायरीवर उभा आहे त्याने तेवढेच रडावे, असा अलिखित नियम असतो, आणि तो मोडणारा माणूस इतरांच्या आधी स्वतःच स्वतःला दटावतो. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला ‘डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ’, म्हणजे हक्क नाकारलेले दुःख, असे स्वतंत्र नाव दिले. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, ज्यासाठी रजा नाही, विधी नाही आणि कोणी भेटायलाही येत नाही, ते दुःख कमी होत नाही, फक्त दिसेनासे होते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. माझ्या कामात मला याचा प्रत्यय वारंवार आलेला आहे.

मात्र आपल्या परंपरेने केवळ उतरंडच दिली असे नाही, हेही मी तिला सांगितले. सुतकाचे नियम नात्याचे अंतर मोजतात हे खरे. परंतु पितृपक्षातील महालय श्राद्धात ज्यांच्या नावे पिंड देतात त्या यादीत पितृव्य म्हणजे काका असतो, मातुल म्हणजे मामा असतो, आत्या, मावशी, सासरे, गुरू असतात, आणि अखेरीस सखा व आप्त असतात. वर्षातून एक दिवस का होईना, मित्रालाही नावाने हाक मारण्याची सोय ज्यांनी करून ठेवली त्यांना माणसाचे मन चांगले कळलेले होते. मी कर्मकांडाचा आग्रह धरणारी नाही. परंतु ही यादी ऐकताना ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, “मातुल. म्हणजे त्यात मामा आहेत?” आहेत, असे मी म्हटले. त्या दिवशी आमचे खरे काम सुरू झाले.

मामांविषयी सांगा, असे मी म्हटले तेव्हा मात्र तिच्याजवळ रुग्णालयातल्या नऊ दिवसांखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. पक्षाघाताचा झटका, अतिदक्षता विभाग, नाकातली नळी, हातावरचे काळेनिळे डाग. आणि त्याच्याही आधीचा एक फोन. ३१ मार्चला, बँकेच्या वर्षअखेरीच्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला मामांचा फोन आला होता. तिने तो घेतला नाही, रात्री करू असे ठरवले, रात्री विसरली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाचा फोन आला. “ते शेवटचं काय सांगणार होते?” हा प्रश्न ती वर्षभर रोज रात्री अंथरुणावर पडली की स्वतःला विचारत होती.

येथे माझ्याकडून एक उतावळेपणा झाला. मामा दर आठवड्याला एकदा तरी फोन करीत आणि गेली वीस-बावीस वर्षे हा क्रम होता, असे तिने सांगितल्यावर मी तिला हिशेब करून दाखवला. हजारावर फोन तुम्ही घेतलेत, एक राहिला. तिने मान डोलावली, “बरोबर आहे” म्हणाली, आणि पुढच्या भेटीला आली तेव्हा आधीपेक्षा अधिक मिटलेली होती. अपराधाच्या भावनेशी आकडेवारीने वाद घालता येत नाही, कारण ती भावना आकड्यांतून आलेली नसते. ती कशातून आली आहे हे शोधणे माझे काम होते, आणि ते सोडून मी उत्तर देऊन बसले होते.

म्हणून पुढच्या दोन्ही भेटींत मी फोनचा विषय काढलाच नाही. तिच्या लहानपणाच्या रविवारांविषयी विचारले.

मामा लालबागला राहत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडचे त्यांचे गाव. पंधरा-सोळाव्या वर्षी ते मुंबईला आले आणि गावकऱ्यांच्या गाळ्यात राहू लागले. ज्यांना गिरणगाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की गाळा म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली एक खोली, जिच्यात वीस-पंचवीस जण पाळ्यापाळ्यांनी झोपत, प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीशी असे आणि जेवण खाणावळीत. मामी आणि मुलगा गावी. मामा आधी कापडगिरणीत बदली कामगार होते, नंतर साचे खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, कायम झाले. संध्याकाळी भजन, गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम, त्यांत मामा झांज वाजवीत आणि कोरसात गात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मामांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते. ते काही महिने गावी जाऊन राहिले, परत आले, लालबागच्या बाजारात कांदे-बटाटे विकले, आणि पुढे एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत.

दर रविवारी ते चिंचपोकळीहून धीम्या गाडीने कळव्याला बहिणीकडे येत. कागदाच्या पुडीत खारे दाणे आणत. भाचीच्या वेण्यांच्या रिबिनी तेच बांधत, कारण आई घट्ट ओढते अशी तिची तक्रार असे. जेवण झाले की तिच्याशी शाळा-शाळा खेळत. ती बाई, मामा विद्यार्थी. हे सांगताना ती वर्षभरात पहिल्यांदाच हसली असावी. “पाचवीत मला नवीनच इंग्रजी लागलं होतं ना, तर मी त्यांना चार रेघी वहीत एबीसीडी गिरवायला लावायचे. ते मुद्दाम चुकायचे, मला हसवायला. बी उलटा काढायचे. मी पट्टी मारायचे हातावर. एवढा मोठा माणूस, माझ्यासाठी चटईवर मांडी घालून बसायचा.”

तिच्या सगळ्या आठवणी मी मनात शेजारी शेजारी ठेवत होते, आणि सहाव्या भेटीत मला त्यांच्यातील एक सारखेपणा दिसला. प्रत्येक आठवणीत मामा देत होते आणि ती घेत होती. दाणे मामांनी आणले, रिबिनी मामांनी बांधल्या, खेळ मामा तिच्यासाठी खेळले, पुढे तिच्या लग्नात आठवडाभर राबले, तिच्या बाळंतपणात रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर रात्र काढली. मी तिला विचारले, “आणि मामांनी तुमच्याकडून काय घेतलं?”

“काहीच नाही,” ती लगेच म्हणाली. मग आवाज बदलला. “तेच तर. काहीच नाही. एक फोनसुद्धा नाही.”

गाठ तेथे होती. तिला सलत होते ते एका संध्याकाळचे दुर्लक्ष नव्हते. आयुष्यभर आपण या माणसाचे केवळ देणेकरी राहिलो आणि फेडण्याची शेवटची संधीही आपण घालवली, अशी तिची समजूत होती, आणि न घेतलेला फोन हा त्या समजुतीचा पुरावा झाला होता. मी हिशेब मांडून त्या पुराव्याशी झगडत बसले होते, म्हणून तो प्रयत्न वाया गेला.

मी ज्या विचारपरंपरेत घडले ती माणसाच्या कथनाला महत्त्व देते. गेलेल्या माणसापासून मन सोडवून घ्यावे, ही एके काळची शिकवण मला स्वतःला कधीच पटली नाही. ऑस्ट्रेलियातील कुटुंब-समुपदेशक मायकेल व्हाइट यांनी १९८० च्या दशकात, निरोप देण्याऐवजी गेलेल्या व्यक्तीला पुन्हा भेटण्याची वाट दाखवणारे प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न असा की, त्या व्यक्तीच्या आयुष्यात तुमच्या असण्याने काय फरक पडला? आपण हा प्रश्न स्वतःला विचारत नाही, कारण तो अहंकाराचा वाटतो. शिवाय ज्या माणसाला आपण लहानपणापासून पाहिले त्याच्याविषयी त्याचे उत्तर आपल्याजवळ नसते. मामा आपल्याला दिसतात ते आपल्या त्या वेळच्या उंचीवरून. त्यांची भीती, त्यांचा रिकामा खिसा, त्यांचे रात्रीचे बोलणे यांतले काहीच त्या उंचीवरून दिसत नाही. ते ज्यांनी पाहिले त्यांना जाऊन विचारावे लागते.

“मामांच्या गाळ्यातलं कोणी आहे का आता?” असे मी विचारले. एक आहेत, ती म्हणाली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पंचाहत्तरी उलटली आहे, लालबागलाच मुलाकडे राहतात. मामांच्या कार्याला गावी आले होते, तेव्हा ती त्यांना चहा देऊन पुढे गेली होती. मी तिला एवढेच सांगितले की एका रविवारी त्यांच्याकडे जा, आणि मामा कसे होते असे विचारू नका. तसे विचारले की “फार चांगला माणूस” यापलीकडे काही हाती लागत नाही. गाळ्यात मामांची ट्रंक कुठे असे, ते कोणावर रागावत, पैसे कमी पडले की कोणाकडे मागत, असे विचारा.

ती तीन आठवडे गेली नाही. चौथ्या आठवड्यात गेली, आणि त्यानंतरची भेट मी विसरणार नाही.

अण्णांनी तिला पुष्कळ सांगितले. मामांची ट्रंक दारामागे होती. संपात कामावर परत जावे की नाही यावरून मामांचे एका जिवलग मित्राशी भांडण झाले आणि एकाच खोलीत राहून दोघे चार वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी शिमग्याला गावी पालखीपुढे दोघांनी एकमेकांच्या पाया पडून ते मिटवले. खाणावळीचे पैसे थकले तेव्हा मामा आठवड्यातले काही दिवस एकाच वेळी जेवत आणि भूक नाही असे सांगत. रविवारी कळव्याला जाण्याची त्यांना घाई असे ती बहिणीच्या ओढीने असे, तशीच भरल्या ताटाचीही असे. हे ऐकून तिला धक्का बसला होता, आणि त्याहून अधिक धक्का तिला पुढच्या गोष्टीने बसला होता.

ती गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा तिचे हात स्थिर होते. ती अण्णांना सहज म्हणाली होती की मामा माझ्याशी शाळा-शाळा खेळायचे आणि मुद्दाम चुकायचे. त्यावर अण्णा काही वेळ तिच्याकडे बघत राहिले.

“मुद्दाम?” अण्णा म्हणाले. “अगं पोरी, त्याला येत नव्हतं. वॉचमनची नोकरी लागत होती, पण फाटकावरच्या वहीत गाड्यांचे नंबर नि आल्यागेल्याची नावं इंग्रजीत लिहावी लागायची. मराठी चौथीपर्यंत शिकलेला तो. क्लासला जायला पैसे नव्हते, आणि आमच्यासमोर शिकायची लाज वाटायची. रविवारी तुझ्याकडून शिकून यायचा, आणि आठवडाभर रात्री सगळे झोपले की दिव्याखाली बसून गिरवायचा. नोकरी लागली त्या दिवशी गाळ्यात पेढे वाटले त्यानं. आम्ही म्हटलं, कोणी शिकवलं रे? तर म्हणाला, माझ्या भाचीनं. पुढे कित्येक वर्षं, कोणी त्याच्या अक्षराचं कौतुक केलं की सांगायचा, ही माझ्या भाचीची अक्षरं आहेत.”

खोलीत आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली, “मी पट्टी मारायचे हो त्यांना.” आणि ती रडली. वर्षभर लोकलमध्ये येणारे तिचे रडणे आणि हे रडणे यांच्यात केवढा फरक होता हे शब्दांत सांगणे अवघड आहे. ते रडणे तिचा श्वास कोंडून टाकत असे आणि या रडण्यानंतर तिने खोल श्वास घेतला. डोळे पुसून तिने स्वतःच जोडले, “दहा वर्षांच्या मुलीनं शिकवलेलं घेऊन ते पंचवीस वर्षं नोकरी करत होते.”

मी त्यावर काहीही भाष्य केले नाही. समुपदेशकाच्या आयुष्यात असे क्षण मोजके येतात, आणि त्या वेळी आपण बोलू नये एवढे शहाणपण माझ्यात त्या दिवशी होते याचा मला आनंद आहे. तिचा प्रश्न नाहीसा झाला नव्हता. ३१ मार्चला मामा काय सांगणार होते हे तिला कधीच कळणार नाही. परंतु ज्या समजुतीचा तो फोन पुरावा होता ती समजूतच आता उरली नव्हती. त्या दोघांमध्ये देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले होते, आणि त्यांतली एक बाजू चाळीस वर्षे लालबागच्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ राहिली होती.

तेव्हापासून काका-मामांविषयी, आजोबांविषयी किंवा एखाद्या जुन्या मित्राविषयी कोणी माझ्याकडे ही काळजी घेऊन आले की मी ज्या काही गोष्टी आवर्जून सांगते त्या येथेही सांगते. दुःख नात्याच्या पायरीवरून मोजू नका. ज्या माणसाने तुमच्या वेण्यांच्या रिबिनी बांधल्या, तुम्हाला सायकल शिकवली किंवा नापास झालात तेव्हा वडिलांच्या रागापासून वाचवले, त्याच्या जाण्याने घरातला एक खांब गेलेला असतो, मग रेशन कार्डावर त्याचे नाव असो वा नसो. घरातल्या ज्येष्ठ दुःखितापुढे आपण रडलो तर त्याच्यावर भार पडेल ही भीतीही बहुतेक वेळा खरी नसते. विधवा मामींना किंवा काकूंना सर्वाधिक एकाकी वाटते ते त्यांच्यासमोर कोणी गेलेल्या माणसाचे नाव काढेनासे होते तेव्हा, असे मला कितीतरी जणींनी सांगितले आहे.

आठवणी गोळा करायच्या असतील तर उशीर करू नका, कारण त्या ज्यांच्याजवळ आहेत तेही सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. आणि केवळ सद्गुण गोळा करू नका. मामा चार वर्षे एका मित्राशी बोलले नाहीत हे कळल्याने तिच्या मनातले मामा लहान झाले नाहीत. रुग्णालयातल्या नळ्यांखाली जो माणूस दिसेनासा झाला होता तो, हट्टी आणि हळवा, पुन्हा दिसू लागला. अखेरच्या आजारपणाची दृश्ये पुसता येत नाहीत, पुसण्याचा प्रयत्नही करू नये, परंतु त्यांच्या आजूबाजूला इतर दिवस परत आणून ठेवता येतात, आणि मग ती नऊ दिवसांची दृश्ये नऊ दिवसांएवढीच जागा घेतात.

पुष्कळ जण मला विचारतात की दुःखाच्या पाच अवस्थांपैकी (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार) आपण कोणत्या अवस्थेत आहोत. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या अवस्था मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आल्या होत्या. मागे राहिलेल्या माणसाने त्या क्रमाने ओलांडायच्या पायऱ्या म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. दुःख मागेपुढे होते. वर्षश्राद्धाला, गणपतीत, एखाद्या वासाने ते परत येते, आणि त्यात काही बिघडलेले नसते.

बिघडलेले कधी समजावे, हेही सांगितले पाहिजे. दीर्घकाळ न ओसरणारे तीव्र दुःख आता वैद्यकशास्त्राने स्वतंत्र विकार म्हणून नोंदवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची, तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ मधील सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची मुदत धरली आहे. मुदतीपेक्षाही मी पाहते ते हे की माणूस जेवतो का, झोपतो का, कामावर जातो का, आणि आपणही त्याच्यामागे जावे असे त्याला वाटते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर एकही दिवस थांबू नये. जवळचे मनोविकारतज्ज्ञ गाठावेत, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते. या भाचीची मी पहिल्याच भेटीत त्या दृष्टीने चौकशी केली होती, आणि झोपेसाठी तिला काही काळ डॉक्टरांचे साहाय्यही घ्यायला सांगितले होते.

दहाव्या भेटीनंतर तिने मामींना फोन केला. कार्यानंतर दोघींचे बोलणे तब्येतीच्या विचारपुशीपलीकडे गेले नव्हते. तिने त्यांना चार रेघी वहीची, पट्टीची आणि अण्णांनी सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली, आणि सांगताना रडली. मामी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाय, म्हणून होय ते! दर महिन्याला मन्याडर यायची तिच्या कुपनावर आधी मराठीत नाव असायचं. आणि मग एकदा इंग्रजीत आलं. मला वाटलं दुसऱ्याच कोणाकडून लिहून घेतलंन. मी पत्रात विचारलंसुद्धा, तर यांनी उत्तरच दिलं नाही.”

“कुपनं आहेत का अजून?” भाचीने विचारले.

सगळी आहेत, डब्यात बांधून ठेवली आहेत, गणपतीला ये म्हणजे दाखवते, असे मामी म्हणाल्या. अकराव्या भेटीत तिने मला सांगितले की कोकणच्या गाडीची तिकिटे उघडली त्या दिवशी सकाळी आठ वाजता ती खिडकीपाशी रांगेत उभी होती, आणि या वेळी तिने पाच दिवसांची रजा घेतली आहे.